उजवीकडचा एक जादा रिव्हेट

ग्लॉस्टरबाहेरच्या त्या शेडमध्ये शनिवारी हीटर नसतो.
मी मफलर काढत नाही, मोजपट्टी दातांत धरतो
आणि मीटिऑरच्या डाव्या पंखाखाली
उताणा सरकतो; आठवडाभर माझ्या खुर्चीत
लोक पडतात तसा, दिव्याकडे डोळे लावून.

मी दातांचा डॉक्टर. कीड शोधायचा हुक
जुना झाला की घरी आणतो:
प्लास्टिकवर रेघ कोरायला
त्याच्यासारखं हत्यार नाही.
बायको म्हणते, ही कसली सुट्टी,
तीच हत्यारं, तोच दिवा, तीच वाकलेली मान.
खरंय. पण विमानाला 'आ कर' म्हणावं लागत नाही.

किटमधला पंख खोटा, हे पहिल्याच रात्री कळलं.
एअरब्रेकची जाळी पुढे सरकलेली,
इंजिनाच्या फुग्याशी पत्र्याचे सांधे
जिथे हवेत तिथे नाहीत.
मग पोस्टाने फोटो मागवले, सगळे तिरक्या कोनातले.
कारखान्याचे नकाशे मिळवले, चहाचे डाग पडलेले.
त्या दोघांचं आपसात पटेना.
तेव्हा म्हटलं, जाऊन हात लावावा.

सहा शनिवार डावा पंख.
ट्रेसिंग पेपर पत्र्यावर धरून पेन्सिल घासली,
रिव्हेट एकेक उमटत गेले, देवीच्या व्रणांसारखे.
उजवा? उजव्यात काय आहे,
कागद उलटा धरला की झाला.
डावा जमला की उजवा
डाव्या हाताचा मळ.

सातव्या शनिवारी विनिफ्रेड प्रोबर्ट आल्या होत्या.
नव्वदीच्या. काठी टेकत नव्हत्या,
बगलेत धरली होती, छत्रीसारखी.
माझे कागद चाळून म्हणाल्या, उजवा कुठाय?
मी कागद उलटा करून दाखवला.
बाई हसल्या नाहीत. काठीने
उजव्या इंजिनापलीकडची एक जागा दाखवली:
शिडी आणा.

सरळ रांगेत चाललेल्या ठिपक्यांत
तिथे एक ठिपका जादा.
दोन रिव्हेट खेटून,
दाटीत वाकड्या आलेल्या सुळ्यासारखे.

सोळाची होते, त्या सांगू लागल्या,
हात बारीक म्हणून मला आतलं काम.
पंखाच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात,
मुठीत लोखंडाचा ठोकळा,
तो रिव्हेटच्या बुडाशी दाबून धरायचा.
बाहेरून आयव्ही ठोकायची.
अख्ख्या पाळीत तिचा चेहरा दिसत नसे.
एक टकटक म्हणजे चालू दे, दोन म्हणजे थांब.
त्या दिवशी तिने तीन दिल्या.
तीनचं आमचं काही ठरलंच नव्हतं.
मी हात हलवला, रिव्हेट वाकडा बसला.
फोरमनने शिव्या घालत शेजारी दुसरा मारायला लावला.

आणि तीन म्हणजे काय होतं?

जेवायच्या सुट्टीत विचारलं मी.
म्हणाली, काही नाही गं.
आत आहेस ना, एवढंच.

बत्तीस वर्षं मी माणसांच्या तोंडात बघतोय.
एक जबडा आठवत नाही
ज्याचं उजवं अंग डाव्यासारखं होतं.
दवाखान्यात हे मला ठाऊक असतं.

त्या रात्री उजवा पंख घासून कोरा केला.
पुन्हा रेघा, पुन्हा ठिपके, आणि भिंगाखाली
तो एक, खसखशीहून बारीक.
रंगाचा हात बसल्यावर दिसणारही नाही.
बायकोने पाहिलं, म्हणाली, कुठाय?
मी म्हटलं, आहे.

मार्चमध्ये विमान विनिफ्रेडबाईंकडे नेलं.
त्यांनी चष्मा शोधला नाही.
उजव्या पंखाखाली अंगठा नेला
आणि दाबून धरला,
वरून कुणीतरी ठोकणार आहे तसा.
खालच्या नंबराचा रंग ओला होता अजून.
सांगायचं राहूनच गेलं.